रोशेल तेलाचा हंगाम: अकोट तालुक्यातल्या भट्टीच्या नोंदी

पीक: रोशा गवत (तिखाडी; याच्या तेलाला रोशेल म्हणतात), मोतिया जात, लागवडीचं दुसरं वर्ष, कोरडवाहू.
भट्टी: पाणी-वाफ पद्धतीची, टाकीच्या बुडाशी पाणी, वर जाळी, जाळीवर गवत. टाकीचा व्यास 1.2 मीटर, उंची 1.5 मीटर, पोटात जवळपास 1700 लिटर जागा. कंडेन्सर (वाफ थंड करणाऱ्या नळ्या) आणि सेपरेटर (तेल-पाणी वेगळं करणारं भांडं) स्टेनलेस स्टीलचे.
उतारा, म्हणजे शंभर किलो गवतामागे किती किलो तेल, सगळीकडे ताज्या गवताच्या वजनावर काढला आहे. सुकवलेल्या गवतावर काढलेला आकडा फुगीर दिसतो आणि दोन घाण्यांची (भट्टीच्या एकेका भरणीची) तुलना करता येत नाही.

10 ऑक्टोबर

वावराची पाहणी. तुरे पूर्ण बाहेर आलेत, रंग तांबूस व्हायला लागलाय, बी अजून दुधात आहे. कापणीला हीच वेळ. तुरा उमलल्यापासून आठ-दहा दिवसांनी तेल सर्वात जास्त भरतं. त्याआधी कापलं तर तेलात जिरॅनिल ॲसिटेटचा भाग जास्त आणि जिरॅनिऑल (गुलाबी वासाचा मुख्य घटक) कमी येतं. तुरा जुना होतो तसं हे प्रमाण उलटं होत जातं. बी पूर्ण पिकून गळायला लागलं की मात्र उताराच खाली येतो.

इळा जमिनीपासून वीतभर वर चालवायचा, म्हणजे 20 ते 25 सेंटिमीटर. मजूर सवयीने ज्वारीसारखं बुडखाशी कापतात. खालच्या काडीत तेल जवळजवळ नाहीच, टाकीतली जागा मात्र ती खाते, शिवाय बुडखा सोलला गेला की पुढचा फुटवा मार खातो. कापणी सुरू करताना पहिल्या तासाला उभं राहून हे दाखवावं लागतं.

12 ऑक्टोबर, घाणा 1

ताजं गवत 462 किलो. गोठ्याच्या पडवीत फूटभर थर देऊन 20 तास सावलीत ठेवलं, भरताना 331 किलो. पाणी जाळीच्या 12 सेंटिमीटर खाली. जाळ 9.10 ला, पहिला थेंब 10.05 ला, बंद 1.40 ला.

तेल 1.42 किलो. उतारा 0.31 टक्के. गवत बघता हा कमी आहे.

कारण टाकी उघडल्यावर कळलं. मधलं गवत शिजून तपकिरी झालं होतं, कडेचं हिरवंच होतं आणि चुरगाळल्यावर अजून गुलाबासारखा वास देत होतं. वाफेने मधोमध वाट काढली आणि कडेच्या गवताला शिवलीच नाही. भरताना गवत वरून टाकलं, तुडवलं नाही, त्यात पेंढ्या सोडल्याच नव्हत्या. पेंढी बांधलेली राहिली की ती टाकीत लाकडाच्या ओंडक्यासारखी बसते आणि दोन पेंढ्यांमधली फट म्हणजे वाफेला धुराडं.

14 ऑक्टोबर, घाणा 2

ताजं 458 किलो, भरण 326. सगळ्या पेंढ्या सोडल्या. चार थरांत भरलं, प्रत्येक थर दोघांनी आधी कडेने गोल फिरत आणि मग मध्ये तुडवला. कडेला जोर जास्त द्यायचा, कारण घाणा 1 मध्ये वाफ मधून गेली तरी एरवी ती पत्र्याला लागूनच पळ काढते. तुडवणंही बेतानेच. 1700 लिटरच्या टाकीत 340 किलोच्या वर कोंबलं की वाफ अडते, दाब चढतो आणि झाकणाच्या कडेने फुसफुस सुरू होते.

दर अर्ध्या तासाला तेल वेगळं मोजलं. पहिल्यात 560 मिली, मग 510, 390, 260, 170, 110 आणि सातव्यात 60. एकूण 2060 मिली, वजन 1.825 किलो, उतारा 0.40 टक्के. गवत तेच, टाकी तीच, फक्त भरणं बदललं.

शेवटच्या अर्ध्या तासाच्या 60 मिलीसाठी वीस किलो सरपण गेलं. तरी लवकर विझवू नये. सुरुवातीच्या तेलाचा वास कच्चा, गवताळ येतो, गुलाबाचा गोडवा मधल्या आणि शेवटच्या भागात उतरतो. तिन्ही एकत्र झाले तरच रोशेलचा खरा वास. साडेतीन तास हा आपला आकडा धरला, शेवटचा अर्धा तास जाळ मंद ठेवून.

नव्या पोरांचा नेहमीचा प्रश्न: जिरॅनिऑल 230 अंशांना उकळतं, मग 100 अंशांच्या वाफेबरोबर कसं येतं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचा बाष्पदाब बेरजेत धरला जातो. ती बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की दोन्ही मिळून उकळतात, तीही 100 च्या किंचित खालीच. तेलाचा स्वतःचा वाटा छोटा असतो, म्हणून दोन लिटर तेलामागे दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी उतरवावं लागतं.

15 ऑक्टोबर

सरपणाचा हिशोब. एका घाण्याला 130 ते 140 किलो. तुराट्या संपत आल्या. पऱ्हाटी चांगली जळते, पण गुलाबी बोंडअळीमुळे ती वर्षभर रचून ठेवायची नाही, त्यामुळे गेल्या हंगामाची शिल्लक नाही. घाण्यातून निघालेलं गवत तीन दिवस उन्हात पसरलं की जळतं, पण फुफाट्यासारखं भसकन. एकट्यावर चालवलं तर जाळ वर-खाली होतो आणि अर्कपाण्याची (वाफ थंड होऊन तेलासकट उतरणाऱ्या पाण्याची) धार तुटते. एक भाग तुराट्या, एक भाग वाळलेलं गाळप-गवत असं मिसळून धार सरळ राहिली.

18 ऑक्टोबर, घाणा 3

परतीच्या पावसाने रात्री झोडपलं. कापलेलं 440 किलो ओलं गवत पडवीत घाईने ढीग करून ठेवलं गेलं. सकाळी ढिगात हात घातला तर चटका बसला. आतून वाफा, पांढरी बुरशी धरायला सुरुवात, वास आंबूस.

तरी लावला. तेल 1.21 किलो, उतारा 0.275 टक्के, रंग गडद, वासात कुजकट छटा. हे तेल वेगळ्या बाटलीत, चिठ्ठी लावून. चांगल्या तेलात मिसळायचं नाही. धूप आणि फरशी पुसायच्या द्रावणात जाईल.

पावसाचा रंग दिसला तर कापणी थांबवायची. उभं गवत दोन दिवस थांबतं, कापलेलं थांबत नाही. कापून झालंच असेल तर ढीग करायचा नाही, वीतभर थर देऊन पसरायचं आणि दोनदा उलथायचं.

22 ऑक्टोबर, घाणा 4. कंडेन्सर.

घाण्याच्या दुसऱ्या तासाला सगळ्या अंगणात वास. वास अंगणात म्हणजे तेल बाटलीत नाही. अर्कपाणी थर्मामीटरवर 58 अंश, सेपरेटरमध्ये दुधाळ पाणी, तेलाचा थर धड वेगळा होत नाही.

झाकणाची कडा आधी तपासली, तिथून गळती नव्हती. (आपण कणीक लावतो. काळी माती आणि कुटाराचा लेप स्वस्त पडतो, पण तासाभरात भेगाळतो.) जाळ कमी केला तेव्हा तापमान 50 वर आलं, म्हणजे दोष थंड करण्याच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी कंडेन्सर खोलला. नळ्यांवर बाहेरून दोन मिलिमीटरचा पांढरा थर होता.

दक्षिणेच्या बोअरचं पाणी वापरल्याचा हा परिणाम. डोंगराकडची विहीर आटायला लागली म्हणून टँकर त्या बाजूने भरला होता. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी गरम नळीवर पडलं की क्षार सोडतं, तो थर उष्णता पलीकडे जाऊ देत नाही, आणि नळीतली वाफ नीट थिजत नाही.

उपाय: 40 लिटर पाण्यात 2 किलो सायट्रिक ॲसिड, छोट्या पंपाने तासभर फिरवलं, मग साध्या पाण्याने दोनदा धुतलं. पुढच्या घाण्याला अर्कपाणी 38 अंशांवर. मीठाचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, स्टेनलेस स्टीलला लावू नये, बारीक छिद्रं पाडतं.

हे आकडे भिंतीवर लिहून ठेवले: तासाला 60 लिटर अर्कपाणी येत असेल आणि थंड पाणी 27 अंशांनी आत जाऊन 52 अंशांनी बाहेर पडत असेल, तर तासाला साधारण 1400 लिटर पाणी फिरावं लागतं. आपली 2000 लिटरची सिंटेक्स टाकी फिरवून-फिरवून वापरली तर दीड तासात कोमट होते. म्हणून बाहेरचं पाणी थेट परत न आणता उघड्या हौदातून पन्हाळीने पाडत आणायचं आणि घाणा पहाटे लावायचा. ऑक्टोबरच्या दुपारी बारा वाजता लावलेला घाणा म्हणजे तेल हवेला वाटणं.

सेपरेटरबद्दल. रोशेलची घनता 0.88 ते 0.89 असल्याने ते वर तरंगतं, पण थेंब बारीक असतात आणि वर यायला वेळ घेतात. पाणी बाहेर पडायची नळी बुडापासून निघून वर वळते, तिची वरची उंची तेलाच्या तोटीपेक्षा जेमतेम बोटभर खाली असावी. आत येणारी धार थेट तेलाच्या थरावर पडू द्यायची नाही. नरसाळ्याची नळी पाण्याच्या थरात खाली सोडायची, नाहीतर धार तेल घुसळते.

24 ऑक्टोबर, घाणा 5

ताजं 470, तेल 1.94 किलो, उतारा 0.41. अर्कपाणी फेकलं नाही, पुढच्या घाण्याच्या बुडाच्या पाण्यात घातलं. जिरॅनिऑल हा अल्कोहोल वर्गातला, त्यामुळे इतर तेलांपेक्षा पाण्यात थोडा जास्त विरघळतो. तो परत फिरला की काही अंशी हाती येतो. मात्र तेच पाणी तीन घाण्यांपेक्षा जास्त फिरवलं नाही, बुडाला गवताचा रस दाट होऊन करपतो आणि करपट वास तेलात चढतो.

27 ऑक्टोबर

छोट्या 100 लिटरच्या भांड्यात तपासणी. एकाच वावरातलं गवत तिघांत वेगळं केलं, प्रत्येकी 12 किलो ताजं.

तुरे: 96 मिली, म्हणजे 0.71 टक्के.
पानं: 44 मिली, 0.32 टक्के.
काड्या: 3 मिली. टक्केवारी काढायच्या लायकीची नाही.

वीतभर वर कापा असं रोज का सांगतो, याचं उत्तर मजुरांना आता बाटल्या दाखवून देता येतं.

2 नोव्हेंबर, घाणा 7. सोफिया.

बंडीतून आलेल्या गवतात डोंगरउताराच्या धुऱ्यावरचं जुनं गवत मिसळून आलं. दिसायला तिखाडीच. भरताना एकाच्या लक्षात आलं, कारण हाताला शेपूच्या भाजीसारखा वास लागला.

रोशा गवताचे दोन प्रकार. मोतियाचं तेल जिरॅनिऑलने भरलेलं, वास गुलाबाकडे झुकणारा. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल बरंच कमी, त्यात कार्व्होन, लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल असे घटक येतात. शेपूचा आणि शहाजिऱ्याचा वासही कार्व्होनचाच, म्हणून नाक तिकडे जातं. बाजारात या तेलाला जिंजरग्रास म्हणतात आणि भाव वेगळा, खालचा. दोन्ही गवतं डोळ्याने ओळखण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येक जुडीतलं एक पान चुरगाळून हुंगायचं, संशय आला तर जुडी बाजूला. वीस-पंचवीस जुड्यांनंतर नाक बधिर होतं, तेव्हा माणूस बदलायचा.

बाजूला काढलेलं 38 किलो. उरलेल्यावर घाणा लावला, उतारा 0.39.

इथलं हे गवत काही आजचं नाही. मेळघाट, निमाड, बैतूल आणि खानदेशात एकोणिसाव्या शतकात रानोमाळ भट्ट्या लागत. नाल्याकाठी लोखंडी किंवा तांब्याचं डेग, बांबूची नळी, आणि वाहत्या पाण्यात बुडवलेलं तांब्याचं भांडं हाच कंडेन्सर. तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला जाई, डिंकाचं पाणी आणि ऊन दाखवून गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. युरोपात त्याला तुर्की जिरॅनियम तेल म्हणत, म्हणजे गवत वऱ्हाडचं आणि नाव तुर्कस्तानचं. भेसळ पुढेच होई असं नाही. इथल्या बाटलीतही टर्पेंटाइन, रॉकेल आणि खोबरेल सापडत असे.

8 नोव्हेंबर

तेल सुकवणं. ताज्या तेलात पाण्याचा अंश असतो, तो राहिला तर जिरॅनिल ॲसिटेट हळूहळू फुटतं आणि वासाला आंबट कड येते. किलोला 20 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालून हलवलं, रात्रभर ठेवलं. पावडर सुटी राहिली तर पुरे झालं. गोळे बांधून भांड्याच्या बुडाला चिकटली तर आणखी 10 ग्रॅम. मग गाळणकागदातून गाळलं.

घाणा 1 आणि 2 चं तेल फिकट पिवळं, पण 4 चं लालसर. झाकणाचा आतला लोखंडी पत्रा गंजलाय, तिथून लोह उतरलं. एक टक्का सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने तेल धुतलं, रंग उतरला, पुन्हा सुकवलं. झाकण बदलायला टाकलं.

साठवण ॲल्युमिनियमच्या बाटल्यांत आणि गडद काचेत, गळ्यापर्यंत भरून. अर्धी भरलेली बाटली म्हणजे अर्धी हवा. तेल हवेने जुनं होतं आणि जुनं झालेलं जिरॅनिऑल त्वचेला जास्त झोंबतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत दोन दिवससुद्धा नको. ठेवायला माजघर, मातीच्या भिंतीची खोली. टिनाच्या शेडमध्ये ठेवलं तर एप्रिल-मेच्या 45 अंशांत तेलाचं काय होईल ते वेगळं लिहायला नको.

15 नोव्हेंबर. शुद्धता.

तीन चाचण्या, तिन्ही भट्टीवरच होणाऱ्या.

वजन: 10 मिली तेल अचूक पिपेटने घेऊन तोलावं. आपलं 8.86 ग्रॅम. 8.8 च्या खाली गेलं तर रॉकेल किंवा टर्पेंटाइनचा संशय, 9 च्या वर गेलं तर सोफिया किंवा खाद्यतेल.

अल्कोहोल: 95 टक्के अल्कोहोल 100 मिलीत 39 मिली ऊर्ध्वपातित पाणी घातलं की 70 टक्के होतं. 1 मिली तेलात ते थेंबाथेंबाने सोडत हलवायचं. चांगलं रोशेल 2 ते 3 मिलीत आरशासारखं स्वच्छ विरघळतं. तुलनेसाठी बाजारातून आणलेली एक बाटली 10 मिलीपर्यंत दुधाळच राहिली. आपलंही न सुकवलेलं तेल किंचित धुरकट दिसतं, म्हणून ही चाचणी सोडियम सल्फेटनंतरच.

कागद: टीपकागदावर एक थेंब, पंख्याखाली चोवीस तास. डाग पारदर्शक, तेलकट राहिला तर खोबरेल किंवा तसंच काही.

तिन्हीतून पार पडलेल्या तेलातही कृत्रिम जिरॅनिऑल असू शकतं. ते भट्टीवर नाही, प्रयोगशाळेतच पकडता येतं.

23 नोव्हेंबर

घाणा 2, 5, 6 च्या मिश्रणाचा जीसी (तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) अहवाल आला. जिरॅनिऑल 79.4 टक्के, जिरॅनिल ॲसिटेट 10.8, लिनॅलूल 2.7, बाकी ओसिमीन आणि कॅरिओफायलीन वगैरे किरकोळ. घाणा 3 चा नमुना पाठवला नव्हता, पैसे वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

मोठा खरीदार सुगंध आणि तंबाखूच्या धंद्यातला. अत्तर, अगरबत्ती, साबण, जर्दा या सगळ्यांत रोशेल जातं, आणि मोठे कारखाने यातून शुद्ध जिरॅनिऑल वेगळं काढतात. आपल्या हाती ठेवायचं ते 3 किलो, त्यावर पुढचे प्रयोग.

30 नोव्हेंबर. अंगाला लावायचं तेल.

गावात सांधेदुखीला रोशेल चोळायची जुनी रीत आहे, आणि बरेच जण निर्भेळच चोळतात. तसं करू नये. 100 मिली तिळाच्या तेलात 2 मिली, म्हणजे 2 टक्के. म्हाताऱ्यांना आणि नाजूक त्वचेला 1 टक्का. जवसाचं तेल घरात असतं म्हणून वापरून पाहिलं, पण ते हवेने वाळणारं तेल. दोन दिवसांत बाटलीच्या तोंडाला चिकट पापुद्रा आणि चादरीला न निघणारा वास. तीळ किंवा खोबरेलच बरं.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून चोवीस तास थांबायचं. जिरॅनिऑलची ॲलर्जी काहींना असते. युरोपात अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ते 0.001 टक्क्याच्या वर आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात 0.01 टक्क्याच्या वर असेल तर लेबलवर नाव लिहावं लागतं. निर्भेळ तेल अंगावर सांडलं तर आधी गोडेतेलाच्या बोळ्याने पुसायचं, मग साबण. नुसत्या पाण्याने ते पसरतं. पोटात घ्यायचं नाही, आणि दुखणं बरं होईल असं लेबलवर लिहायचं नाही. चोळण्याने आराम वाटतो, त्यात तेलाचा वाटा किती आणि हाताचा किती हे आपण मोजलेलं नाही.

डासांसाठी 10 टक्के खोबरेलात, हात-पाय. पहिला तास ठीक. नंतर जिरॅनिऑल उडून जातं आणि डास परत येतात. संध्याकाळी ओट्यावर बसण्यापुरतं चालेल. रात्रीला मच्छरदाणी.

6 डिसेंबर. साबण.

एक किलो तेलांचा घाट: खोबरेल 400 ग्रॅम, सरकीचं तेल 500, एरंडेल 100. कॉस्टिक सोडा 147 ग्रॅम (पाच टक्के तेल साबण न होता मोकळं राहील असा हिशोब), पाणी 300 ग्रॅम, रोशेल 30 ग्रॅम.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं चुकून घेतलं तर सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. दोन्ही बाजू 40 अंशांच्या आसपास आल्यावर एकत्र, पिठल्यासारखं दाट झाल्यावर रोशेल. चार आठवडे मोकळ्या हवेत.

रोशेल साबणात टिकतं हे त्याचं मोठं सुख. जिरॅनिऑल क्षारात स्थिर राहतं, आणि जिरॅनिल ॲसिटेट फुटलं तरी त्यातून जिरॅनिऑलच निघतं. गवती चहाच्या तेलाचा साबण शेजारी केला होता. त्यातलं सिट्रल क्षारापुढे टिकत नाही, वडी पिवळी पडून वास निम्मा झाला.

सरकी 50 टक्के जास्तच ठरते असं दिसतंय. पहिल्या चार वड्यांवर नारिंगी ठिपके उठायला लागले, तेल खवट होण्याची ती खूण. पुढच्या घाटाला सरकी 250, त्याजागी पाम 250, आणि सोडा नव्याने काढायचा, कारण प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी. विकायचा झाला तर सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना लागतो, तोवर घरगुती वापर.

14 डिसेंबर

हंगाम बंद. टाकी, जाळी आणि नळ्या नुसत्या पाण्याची वाफ अर्धा तास सोडून धुतल्या, म्हणजे पुढच्या वेळी दुसरं पीक लावलं तर वास चढणार नाही. बुडातला चिकट गाळ पत्र्याने खरवडून काढला.

उरलेलं गाळप-गवत: अर्धं सरपणाला, अर्धं शेणाच्या थरांबरोबर खड्ड्यात. वावरात मधलं डवरणं झालं. दहा ठिकाणी ठोंब मेलेत, सगळे खोलगट कोपऱ्यात, जिथे परतीच्या पावसाचं पाणी दोन दिवस उभं होतं. जूनआधी तिथून चर काढायचा, मग नवी रोपं.